सुडी जळाली, ताडपत्री वाचली

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका संताप मला क्वचितच आला. नावं कुणाचीच सांगणार नाही. गाव चिखली तालुक्यातलं, उंद्रीच्या अलीकडचं, एवढं पुरे.

मी तेव्हा ठाणेदार होतो. सोयाबीनची सोंगणी झाली की कापलेलं पीक शेतात ढीग करून ठेवतात, त्याला आमच्याकडे सुडी म्हणतात. मळणीयंत्राचा नंबर लागेपर्यंत पावसाच्या भीतीने ती ताडपत्रीने झाकतात. एका सकाळी अशीच एक सुडी जळाल्याची खबर आली. वर्षभराची कमाई राख झालेली. मी पंचनाम्याला निघणार, तोच आमच्या बीट अंमलदाराने मोबाईल पुढे केला.

"साहेब, गावानं आरोपी धरला. हे पाहा."

व्हिडिओत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी झाडाला टेकून उभी होती. कंबरेला दोर. मोबाईल धरणारा विचारत होता, "सुडी तूच जाळली ना?" मुलगी म्हणाली, "जाळली ना." मागून लोक हसत होते.

मी गावात पोचलो तेव्हाही तो दोर तसाच होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सोडा आधी! लेकरू आहे का ढोर आहे ते?" मी ओरडलो. दोर सोडला, पण कुणाची मान खाली गेली नाही.

सुडीवाल्याचा चुलतभाऊ पुढे आला. व्हिडिओ यानेच काढलेला. "साहेब, पोरगी येडी हाय. बांधून नाई ठेवली तर उद्या घरं जाळन. माय-लेकीले गावातून काढा, नाईतर इले येड्याच्या दवाखान्यात टाका. तिनं तर सोताच्या तोंडानं कबूल केलं!"

मुलीची आई बाजूला उभी होती. नवरा नाही, दुसऱ्याच्या वावरात मजुरी. ती म्हणाली, "साहेब, तीन वर्साची असतानी ट्रॉलीतून डोक्यावर पडली. मेंदूले मार बसला. तवापासून असंच बोलते. पन आग नाई लावत हो ते."

आमच्या महिला शिपाई साध्या कपड्यांत आल्या होत्या. त्यांनी मुलीला ओट्यावर बसवलं, बिस्किटाचा पुडा दिला. तिने तो गुडघ्यांत धरला आणि दाताने फाडला. डावा हात छातीशी मुडपलेला, मूठ घट्ट. तो हात उघडलाच नाही. मी व्हिडिओ पुन्हा लावला. त्यातही तो हात तसाच स्पष्ट दिसत होता. तोवर सगळ्या तालुक्यात तो फिरला होता, पण एका हाताने ही पोर काडी ओढणार कशी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी गर्दीसमोरच तिला विचारलं, "काल तू नागपूरला गेली होती ना?"

"गेली होती ना."

"तिथं वाघ पाळला ना?"

"पाळला ना."

काहीजण फिसकन हसले. "हसता कशाला बे?" मी म्हणालो. "आता लिहून घेऊ का, वाघ पाळल्याचा गुन्हा?"  पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ बाईंनी मला नीट समजावलं. मेंदूला इजा झालेली काही मुलं समोरच्याचं वाक्य तसंच परत बोलतात. तो होकार नसतो, बोलण्यात सामील होण्याची त्यांची धडपड असते. त्या धडपडीला गावाने कबुलीजबाब ठरवलं होतं.

मग मी शेतात गेलो. राख उकरली. प्लास्टिकची ताडपत्री जळाली की काळे चिकट गोळे राहतात, ते कुठेच नव्हते. सुडीवाल्याला विचारलं, "झाकली होती ना?"

"हाव साहेब, चारी कोपरे दोरीनं आवळले होते. चुलतभावाचीच ताडपत्री, मागून आनली होती. तवा बोलनं होतं आमचं. मंग धुऱ्यावरून वाजलं." धुरा म्हणजे शेताचा बांध. मोजणी झाली, बांध चुलतभावाच्या वावरात सरकला, त्याची जमीन घटली, आणि तो आठवडाभर धुमसत होता.

मी चुलतभावाला बोलावलं. आवाज साधा ठेवला. चौकशीत आपला आवाज चढला की समोरचा सावध होतो. "तुमचंही नुकसान झालं म्हणायचं. ताडपत्री गेली."

"गेली ना साहेब! सुडीसंगंच जयाली. एकदम नवी होती."

"चला, तुमचा गोठा पाहू."

गोठ्यामागे कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुश्शाचा, ढीग होता, आणि त्यावर निळी ताडपत्री. एका कोपऱ्याची कडी निघालेली, तिथे तारेचा पीळ. सुडीवाला पंचांसमोर म्हणाला, "हा पीळ म्याच मारला, साहेब. माह्या सुडीवरच मारला." ताडपत्रीच्या घड्यांतून सोयाबीनच्या शेंगा गळल्या.

ठाण्यात बसवल्यावर तो फार वेळ टिकला नाही. मी एकच प्रश्न विचारला, "अरे, जाळायचंच होतं तर ताडपत्री काऊन काढली?"

तो खाली पाहत म्हणाला, "नवी कोरी होती, साहेब. जाळाचं मन नाई झालं."

माझे हात शिवशिवले. खुर्चीचे दांडे धरून बसलो, कारण हात उचलला असता तर केस बिघडली असती. याने चारी गाठी सोडल्या, ताडपत्रीची घडी घातली, बगलेत मारली आणि मग काडी ओढली. प्लास्टिकच्या तुकड्याची याला दया आली. सकाळी ती पोर शेताच्या वाटेवर दिसली, तेव्हा तिच्या कंबरेला दोर बांधताना नाही आली. तिला जे विचारू त्याला ती हो म्हणते, हे त्याला ठाऊक होतं. शेजारीच राहत होता तो!

त्याला अटक झाली, दोषारोपपत्र गेलं. दोर बांधणाऱ्यांवरही मी गुन्हा नोंदवला. तेव्हा गावातले बडे लोक ठाण्यात येऊन म्हणाले, "जाऊ द्या ना साहेब, गंमत झाली." गंमत! मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. कबुली ऐकली की आधी प्रश्न तपासावा, मग उत्तर. आपल्याला हवं ते समोरच्याच्या तोंडात कोंबायला लाठीच लागते असं नाही. भोवती जमलेली गर्दी आणि एक मोबाईलही तेच काम करतो. आणि ज्या मुलाचा मेंदू दुखावलेला आहे, त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसेल, तर त्याच्या माथी गावातलं कुठलंही पाप मारता येतं.

बदलीच्या आधी मी त्या घरी गेलो. मुलगी दारात बसली होती. मी खाली बसून विचारलं, "तू काहीच नाही केलं ना, बेटा?"

"काहीच नाही केलं ना, बेटा," ती म्हणाली.

ते माझंच वाक्य होतं, पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य, हे मला कळत होतं. तिची आई चुलीपासून उठून दारात आली.

"साहेब," ती म्हणाली, "साऱ्या गावानं इचारलं तिले. पन असं कोनीच नाई इचारलं."

तो जुना व्हिडिओ अजून फिरतो म्हणतात. हे उत्तर टिपायला मात्र तिथे कुणी मोबाईल काढून उभं नव्हतं.