पस्तीस मीटर पाणी

त्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याची झोप उडाली. म्युनिकमधल्या सॉफ्टवेअर कंपनीतला त्याचा विभाग बंद झाला आणि त्याला दुसऱ्या टीममध्ये, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली बसवलं. भांडण झालं नाही, तो फक्त बोलेनासा झाला. डॉक्टरांनी क्रांकश्राइबुंग दिली, म्हणजे आजारपणाची रजा. आधी दोन आठवड्यांची, मग सहा.

त्या रजेत त्याने मासेमारीच्या परवान्याची परीक्षा दिली, तीही जर्मनमधून. पुण्याला त्याच्या घरात अंडंसुद्धा आणत नसत. पण तो सकाळी उठू लागला, दाढी करू लागला, म्हणून मला बरंच वाटलं. दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या एका खोल तळ्यावर कयाकमधून मासे धरायला परवानगी होती. एकट्याने जायचं नाही आणि लाइफ जॅकेट काढायचं नाही, एवढ्याच माझ्या अटी होत्या. म्हणून शनिवारी दोन कयाक निघायच्या. एकीत तो, दुसरीत मी, थर्मास घेऊन.

त्याला हवा होता तळ्यातला मोठा ट्राउट, सी-फोरेल. तो उन्हाळा लागला की खोल जातो. शिशाचं डोकं असलेला रबरी मासा तळापर्यंत सोडायचा, रॉडचं टोक हिसका देऊन वर उचलायचं, मासा पुन्हा खाली पडू द्यायचा. तासन्‌तास तेच.

मे महिन्यातली सकाळ होती. समोरच्या डोंगरावर अजून बर्फ होतं. पाण्याची खोली दाखवणाऱ्या त्याच्या छोट्या स्क्रीनवर पस्तीस मीटर दिसत होते. त्याने लाइफ जॅकेट काढून मागे ठेवलं.

"घाल ते," मी म्हटलं.

"हात अडकतो त्यात."

"आपलं ठरलंय."

"जा जा, घालतो," तो म्हणाला, आणि घातलं नाही.

थोड्या वेळाने रॉड वाकला. तो हळूहळू रीळ फिरवत राहिला. खोलातून येणारा ट्राउट पोटातली हवा सोडतो, त्यामुळे माशाच्या आधी बुडबुडे वर आले. मग चंदेरी पाठ दिसली. तो हातजाळी घेऊन वाकला आणि कयाक उलटली. आवाजही फारसा झाला नाही.

मी वल्हं मारत तिथे पोचले तेव्हा त्याचं डोकं पाण्यावर होतं. उलटी कयाक त्याच्यापासून दोन हातांवर होती. तो तिच्याकडे जात नव्हता. त्याला उत्तम पोहता येतं, लग्नाआधी मला पोहायला त्यानेच शिकवलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. घाबरलेला नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"हात दे," मी म्हटलं.

तो बघत राहिला.

"अरे, हात दे ना."

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने हात पुढे केला. त्याला वर घेतलं असतं तर दोघंही पाण्यात पडलो असतो. मी त्याला माझ्या कयाकच्या मागच्या पट्ट्याला धरायला लावलं आणि किनाऱ्याकडे वल्हवू लागले. मागे वळून बघता येत नव्हतं, म्हणून म्हटलं, "बोलत राहा. एकोणतीसचा पाढा म्हण."

तो म्हणू लागला. दात वाजत होते. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते... तिथे थांबला. मी ओरडले तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

किनाऱ्यावर कुत्रं फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने आपला कोट त्याच्या अंगावर टाकला आणि रुग्णवाहिका बोलावली. दुपारपर्यंत हॉस्पिटलमध्ये त्याच्या अंगात ऊब आली. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात, घरी जा.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली नाही. "तू कयाककडे पोहत का गेला नाहीस?"

त्याने सीटबेल्ट लावला. "सुचलं नाही असं नाही," तो म्हणाला. "जावंसं वाटलं नाही."

"जॅकेट त्यासाठी काढलंस?"

"नाही." मग म्हणाला, "माहीत नाही मला."

सोमवारी मी त्याच्याबरोबर रजा देणाऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि त्याच्या देखत सगळं सांगितलं. तो माझ्यावर चिडला. त्या वर्षात मी पहिल्यांदाच त्याला चिडलेलं पाहिलं. त्याला आठ आठवडे एका मानसोपचार क्लिनिकमध्ये राहावं लागलं. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की मी म्हणायची, "अहो आई, तो ऑफिसच्या कामाने बाहेर गेलाय." त्या एकदा म्हणाल्या, "तुझा आवाज असा का गं?" मी सर्दी झाल्याचं सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं नाही, पण त्यानंतर रोज फोन करू लागल्या.

तो आता अर्धवेळ काम करतो. गोळ्या चालू आहेत. हसतोही. पण जो माणूस पाण्यात शांतपणे माझ्याकडे बघत होता, तो कुठे गेला हे मी त्याला विचारलेलं नाही. तो आंघोळीला गेला आणि वेळ लागला, की मी पॅसेजमध्ये उगाच कपड्यांच्या घड्या घालत उभी राहते. हे त्याच्या लक्षात आलं असावं. हल्ली तो आंघोळ करताना मोठ्याने गुणगुणतो. त्याला सूर कधीच लागत नाही. मी घड्या घालत ऐकत असते.