मेली

आमच्या रत्नागिरीकडे ‘मेली’ ही शिवी नाही. आई मला म्हणायची, मावश्या म्हणायच्या, शेजारची काकूही म्हणायची. इतक्या जणींच्या तोंडून ऐकल्यावर त्या शब्दात मरण उरतच नाही. संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून मी लखनौला आले आणि लेक इथेच जन्मली. तिला हा शब्द फक्त माझ्या एकटीच्या तोंडून ऐकायला मिळाला, हे मला एकोणीस वर्षांत सुचलं नाही.

गेल्या वर्षी तिनं कॉलेजला जाणं बंद केलं. दिवसभर पडदे ओढून पडून राहायची. मी सकाळी फिरायला जा म्हटलं, आल्याचा चहा केला, शेवटी ओरडले. मग तिनंच इंदिरा नगरमधली एक काउन्सेलर शोधली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दर आठवड्याला ती तिथून एक नवा शब्द घेऊन यायची. मी गणिताचे मार्क विचारायचे तो ट्रॉमा, मामेबहिणीचं कौतुक केलं तो ट्रॉमा. मेथीची जुडी निवडावी तसं तिचं बालपण निवडणं चाललं होतं, फक्त ठेवून घेतली जात होती ती सडकी पानं.

एकदा काउन्सेलर मॅडमनी मलाही बोलावलं. लेकीनं वहीतून वाचलं, “मम्मी हमको बचपन से मरी हुई बोलती हैं.”

मला हसू फुटलं. तिथेच सगळं बिघडलं. मी घाईघाईनं सांगू लागले, अहो, तुमच्या लखनौच्या जुन्या बायका ‘मुई’ म्हणायच्या ना, तेच हे. त्या पंचविशीतल्या मॅडमनी ‘मुई’ कधी ऐकलंच नव्हतं. मी म्हटलं, लहानपणी ही गळ्यात पडून सांगायची, फिर से मेली बोलो. लेकीला ते आठवत नव्हतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, मुलं असंही सहन करतात. म्हणजे तिचे लाडसुद्धा माझ्याविरुद्धच्या पुराव्यात गेले. मला भयंकर राग आला.

“हमको लगता था, हम मर जाएँ तो इनको अच्छा लगेगा,” लेक खाली बघत म्हणाली.

आता ती कॉलेजला जाते, त्यामुळे त्या बाईला नावं ठेवायचीही सोय राहिली नाही. मी लेकीशी हिंदीत बोलते, बेटा, खाना खा लो. ती मान हलवते. घरात भांडण नाही, दुसरंही काही नाही.

परवा आईचा फोन आला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता. “मेली, जेवलीस का?” आईनं विचारलं.

लेक समोर बसली होती. ती उठून माझ्याजवळ आली आणि पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, “मम्मी, आपके साथ भी यही हुआ था? सॉरी. हमको पता नहीं था.”

नाही म्हणायला हवं होतं. पण वर्षभरात तिनं मला पहिल्यांदाच हात लावला होता. मी मान डोलावली.

फोनवर आई विचारतच होती, “मेली, ऐकतेस ना?”