मधून कडेकडे

दुपारचं जेवण अंगावर आलंय. भालचंद्र उकिडवे छातीवर कागद ठेवून आडवा होतो. कागदावर तीन सीडी प्लेअर आणि त्यांचे गुण: वजन, ट्रेची चाल, लेझर, आवाजाचा उजळपणा. माणूसच तसा. लग्नासाठी मुलगी पाहायला गेला तेव्हाही रकाने आखून गेला होता. मुलीनेच त्याला नापास केलं. उद्या थोरल्या भावाचं, त्र्यंबकदादाचं, वर्षश्राद्ध. दादाच्या गाण्याची जगात एकच सीडी, आणि कुमुदवहिनींना ती उद्या ऐकायचीय. पण सीडी मधेच अडखळते. भालचंद्राने सगळ्यांना सांगून ठेवलंय की जुना प्लेअर गेला, चांगला आणला की लागेल. पाच वाजता दुकानात जाऊन एक उचलायचा. डोळा लागतो न लागतो तोच

तो दुकानात आहे. काउंटरमागे दादा बसलाय. नाकात कापसाचे बोळे, तिरडीवर होते तेच. भालचंद्राला त्याचं काही वाटत नाही; तो कागद पुढे करतो. दादा कागद वाचतो, नीट घडी घालतो आणि तोंडात टाकून चावायला लागतो.

पहिला प्लेअर नऊ किलोचा. भालचंद्र त्याची थोरवी सांगू लागतो, जड असला की थरथरत नाही वगैरे. दादा तो डोक्यावर उचलून फरशीवर आपटतो. काच, पत्रा, वायरी पायांवर सांडतात. दुसऱ्याच्या लेझरबद्दल भालचंद्राने तोंड उघडण्याआधीच त्यात वरवंटा बसतो. तिसरा पोटाशी धरून तो पळतो. दुकानाच्या दारात विहिरीच्या पायऱ्या आहेत, आणि पायऱ्या उतरल्यावर दादाचा शाळेतला गाण्याचा वर्ग. बाक रिकामे. दादा मागून मानगूट धरतो आणि त्याचं तोंड बाकावर आपटतो. एकदा. दोनदा. दात हलतो. जिवंतपणी दादाने त्याला बोटही लावलं नव्हतं. चांगलंच मुरवत ठेवलेलं दिसतंय.

"कुठला चांगला?" दादा विचारतो.

"हा," भालचंद्र रक्त थुंकत म्हणतो.

त्याचाही चुरा होतो.

"सीडी कशी पुसलीस?"

 हे कोणालाच माहीत नाही. त्याचा हात बसलेला जुन्या रेकॉर्डींवर. त्या तो गोल गोल पुसायचा, खाचेच्या वळणाने. सीडीवर धूळ दिसली तेव्हा बनियनच्या टोकाने तशीच पुसली, मायेने, दाबून. सीडीवर गाणं गोल लिहिलेलं असतं. कापडातला खडाही त्याच वाटेने फिरला आणि गाणं खरवडून गेला.

"गोल," तो म्हणतो. "तूच शिकवलं होतंस."

दादाचा हात क्षणभर थांबतो. मग तो भालचंद्राचा तळवा बाकावर उताणा दाबतो, मनगटावर गुडघा ठेवतो आणि अंगठ्याचं नख तळव्यात मधोमध रोवतो. तिथून बोटांकडे सरळ ओढतो. कातडी सोलत जाते. पुन्हा मधे, पुन्हा कडेकडे.

"सीडी अशी पुसतात. असा ओरखडा गेला तरी प्लेअर पोटात घालतो. गोल गेलेला कुठलाच घालणार नाही, भाल्या." नख परत रुततं. "आणि तू कुमुदला प्लेअर दाखवत बसलायस."

भालचंद्र ओरडतो. ओरडणं घशात अडतं आणि तेच ते, तेच ते येत राहतं.

तो डोळे उघडतो तर वहिनी दारात उभ्या आहेत, हातात चहाचा पेला. म्हणतात, केव्हाच्या हाका मारतेय, कोणता ठरला?

कुठलाही आणला तर उद्याचा दिवस निभावेल. नवाही खराब निघाला म्हणता येईल. डोक्यात चौथा रकाना आखून तयारच आहे. भालचंद्र उठायला हात टेकतो आणि कळवळतो. तळव्यात मधोमधून बोटांच्या मुळांपर्यंत पाच ओरखडे आहेत, सरळ, ओले.

"कुठलाच नको, वहिनी. सीडी माझ्याच हातून गेली. पुसताना."

वहिनी आत येतात.

"कुठपर्यंत वाजते?"

"तीन मिनिटं."

"मग तीन मिनिटं लावू," वहिनी म्हणतात, आणि वाफाळता पेला त्याच्या त्याच हातात देतात. तळवा पेटून उठतो. भालचंद्र पेला खाली ठेवत नाही.