सुरेखा शेळके मॅमशी बोलू शकते का?

"मनीषा मॅम, एवढा एक कॉल ऐका, फेटल मारा आणि जेवणाच्या आधी रिपोर्ट टाका. क्लायंट पेटलाय."

आमचे मॅनेजर रोहित सर माझ्या क्युबिकलच्या पार्टिशनवर हात टेकून उभे होते. मी हेडफोन काढला आणि विचारलं, "कोणाचा कॉल?"

"दर्शना घरत. कस्टमरला बोलली, ‘बायको मेली तर फोन चालू कशाला ठेवलाय?’ कस्टमरने थेट विमा कंपनीकडे तक्रार केली."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल. दर्शना जवळच्याच ओवे गावची. दोन वर्षं आमच्याकडे होती. तिचा आवाज एवढा हळू की मी तिला कायम माइक तोंडाजवळ घ्यायला सांगायचे.

पनवेल स्टेशनजवळच्या एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं कॉल सेंटर आहे. मी तिथे क्वालिटीला आहे. म्हणजे पोरांचे रेकॉर्ड झालेले कॉल ऐकायचे आणि मार्क द्यायचे. ‘फेटल’ म्हणजे अशी चूक की बाकी सगळं बरोबर असलं तरी त्या कॉलला शून्य. कस्टमरला उलट बोलणं हे फेटल. आपण होऊन कॉल कापणं हेही फेटल. समोरचा काहीही बोलला तरी फोन त्यानेच ठेवायचा, असा नियम.

आम्ही एका कंपनीचा आरोग्य विमा फोनवरून विकतो. तुम्ही जेवायला बसलात की येतो तो फोन आमचाच. लोकांना वाटतं, समोरची मुलगी आपला नंबर बघून मुद्दाम लावते. तसं नसतं. नंबर ‘डायलर’ नावाचं सॉफ्टवेअर लावतं. तुम्ही उचललात की जी मुलगी रिकामी असेल तिच्या कानात टुक वाजतं आणि स्क्रीनवर तुमचं नाव येतं. हॅलो म्हणायच्या आधी तिला तुम्ही कोण हेही माहीत नसतं.

मी कॉल लावला.

"नमस्कार, मी नेहा बोलतेय. सुरेखा शेळके मॅमशी बोलू शकते का?" आमच्याकडे मुली खऱ्या नावाने बोलत नाहीत. दर्शनाचं फोनवरचं नाव नेहा.

पलीकडे एक पुरुष होता. त्याने पहिल्या वाक्यापासून शिव्यांनी सुरुवात केली. मी नोकरीत रोज शिव्या ऐकते, तरी व्हॉल्यूम कमी केला. ते शब्द इथे लिहिणार नाही. तिच्या आईबापापासून ते ‘तुम्ही पोरी फोनवर बसून कसला धंदा करता’ इथपर्यंत सगळं झालं. दर्शना गप्प होती. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "मेली ती! मेली! किती वेळा सांगू?"

दर्शनाने स्क्रिप्टमधलं वाक्य म्हटलं. "सर, मी आपली भावना समजू शकते."

"काय समजतेस गं तू? काय समजतेस?" आणि पुन्हा शिव्या.

मग दर्शनाचा आवाज बदलला. नेहाचा राहिला नाही, ओव्याचा झाला.

"मेली ना ती? मग फोन चालू कशाला ठेवलाय? टाका ना बंद करून! आमाला काय हौस हाय काय तुमच्या शिव्या खायची?"

पलीकडे एकदम शांतता. दोघांपैकी कोणीच फोन ठेवत नव्हतं. तिला ठेवायची परवानगी नव्हती. शेवटी त्याने ठेवला.

शून्य मार्क द्यायला एक क्लिक पुरतो. पण ‘किती वेळा सांगू’ हे माझ्या डोक्यातून जाईना. मी तो नंबर सर्चमध्ये टाकला आणि आमच्याकडून त्या नंबरवर गेलेले सगळे जुने कॉल काढले. क्वालिटीत आम्ही शंभरातला एखादा कॉल ऐकतो, त्यामुळे यातला एकही आधी कोणी ऐकलेला नव्हता. मी पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिल्या कॉलमध्ये तोच माणूस होता, पण मला आधी ओळखूच आला नाही. इतका मऊ बोलत होता. "ताई, त्या वारल्या. मागच्याच महिन्यात. त्यांचं नाव काढून टाकाल का तेवढं?" आमची मुलगी म्हणाली, "सॉरी सर, नक्की काढते."

पुढच्या वेळी वेगळी मुलगी. "मी मागं सांगितलं होतं ताई. नोंद राहिली असेल बहुतेक." त्याच्या पुढच्या वेळी तो म्हणाला, "तुमचं नाव काय, ताई? नीट टाका हां, प्लीज. घरात मुलगी असते. फोन ती उचलते कधी कधी."

मग एक मुलगा होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ओह, सॉरी सर. मग सर, आपल्या स्वतःसाठी पॉलिसी बघूया का? अशा वेळी कव्हर असणं किती महत्त्वाचं, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?"

हे त्या मुलाने मनाने केलेलं नव्हतं. याला ‘रिबटल’ म्हणतात. कस्टमर नाही म्हणाला की निदान दोनदा तरी परत पटवायचं. नाही पटवलं तर मार्क कापायचे, आणि ते कापणारी मी. त्या कॉलमध्ये शेळक्यांनी पहिली शिवी दिली.

त्यानंतरच्या प्रत्येक कॉलला शिव्या एकेक पायरी वर गेल्या. शेवटच्या पायरीवर डायलरने त्यांना दर्शनाच्या कानाशी जोडलं.

नंबर निघत का नव्हता? कॉल संपला की मुलीला स्क्रीनवर एक पर्याय निवडावा लागतो. इंटरेस्ट आहे, नाही, नंतर करा, राँग नंबर. ‘व्यक्ती मरण पावली’ असा पर्यायच नव्हता. ‘पुन्हा करू नका’ असा एक होता, पण त्याला टीम लीडरची परवानगी लागायची आणि तो जास्त वापरला की डेटा जाळता का, म्हणजे विकायचे नंबर वाया घालवता का, म्हणून विचारणा व्हायची. मग पोरं ‘नंतर करा’ दाबून मोकळी व्हायची. डायलर आज्ञाधारक. तो नंतर करायचा.

रिपोर्टमध्ये मी दर्शनाच्या कॉलला फेटल लिहिलं. ते होतंच. त्याखाली आधीच्या सगळ्या कॉलचा क्रम लिहिला आणि शेवटी लिहिलं की चूक सिस्टीमची आहे, मुलीला वॉर्निंग द्यावी, काढू नये.

रोहित सरांनी वाचलं. "मॅम, खालचा भाग काढा."

"का?"

"त्यांनी काय मागितलंय? एका कॉलचा रिपोर्ट. हे वाचलं की प्रोसेसच, त्यांचं सगळं कामच आपल्याकडून काढून घेतील. मग एक दर्शना नाही, पूर्ण फ्लोअर घरी."

"सर, तो माणूस पहिल्यांदा किती नीट बोलला होता, तुम्ही ऐका तरी."

"ऐकून काय करू?" ते म्हणाले. माणूस वाईट नाही. पण त्यांनी खरंच ऐकलं नाही.

दुपारी क्लायंटबरोबर कॉन्फरन्स कॉल झाला. मी त्यात बोलले. पर्यायाचं सांगितलं, जुन्या कॉलचं सांगितलं. पलीकडचे गृहस्थ थांबून म्हणाले, "मॅडम, डेटा हमारा है, उसपे आप मत जाइये. लड़की को आज ही रिलीज कीजिये." रिलीज म्हणजे काढणे. मी परत तोंड उघडलं तर रोहित सरांनी म्यूटचं बटण दाबलं.

दर्शनाला एचआरच्या खोलीत बोलावलं. मी सोबत बसले. तिने वाद घातला नाही. आयकार्ड गळ्यातून काढलं, हेडसेट टेबलावर ठेवला. त्याच्या स्पंजवर तिने स्वतःचं कापडी कव्हर शिवून घातलं होतं. ते काढायचं की ठेवायचं, हे तिला कळेना.

"मॅम, एक विचारू?" ती म्हणाली. "ती बाई खरंच मेली होती का?"

मला प्रश्नच कळला नाही.

"दिवसातून कितीजण सांगतात ना मॅम, मेला तो म्हणून. आणि मागून तोच माणूस हसत असतो. एक बाई तर म्हणाली, मीच मेलेय. मला वाटलं, हेपण तसलंच. वरून एवढ्या शिव्या."

"खरंच गेली होती," मी म्हणाले. "तो पहिल्यापासून तेच सांगत होता."

ती उठायला निघाली होती. पुन्हा बसली. एचआरची मुलगी कागद पुढे सरकवून थांबली होती. दर्शना बराच वेळ सही न करता पेन धरून बसली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात खालून सिक्युरिटीचा फोन आला. शेळके नावाचा माणूस आलाय, त्या दिवशी फोनवर बोललेल्या मुलीला भेटायचंय म्हणतो. रोहित सर म्हणाले, "कोणी खाली जायचं नाही. मारायला आला असेल." मी गेले.

पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचा वजनकाटा आहे, जिथे भरलेले ट्रक वजनाला येतात. आमचा पत्ता त्यांनी तक्रारीच्या मागे लागून विमा कंपनीकडूनच मिळवला होता. मी त्यांना समोरच्या टपरीवर नेलं आणि सांगितलं की मी तिची टीम लीडर नाही, पण तिला ओळखते.

"तिला काढलं म्हणे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी काढा म्हणालो नव्हतो, मॅडम. नंबर काढा म्हणालो होतो." त्यांनी चहाचा ग्लास हातात नुसताच धरला होता. "तिनं विचारलं ना, फोन चालू कशाला ठेवला. बरोबरच विचारलं. पण गॅस, बँक, पोरीची शाळा, सगळं त्याच नंबरावर आहे. आणि सासूबाईंना एवढा एकच नंबर पाठ आहे. गावाकडनं लावतात. कधी आठवतं त्यांना सुरेखा गेली ते, कधी नाही आठवत. बंद लागला तर काय करतील?"

त्यांनी ग्लास एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मी फार घाण बोललो त्या पोरीला. माझी पोरगी आतल्या खोलीत ऐकत होती. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तुमच्या साहेबांना सांगा, घ्या तिला परत. मी लिहून देतो."

"उपयोग होणार नाही," मी म्हणाले. तो होणारच नव्हता, आणि त्यांना खोटी आशा लावण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात त्यांच्या वरच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी उचलला. टपरीवरच्या गोंगाटातसुद्धा मला पलीकडचा आवाज ऐकू आला. मुलगी होती. आमची नव्हे, दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीची. सुरेखा मॅमना कर्ज हवं होतं का, विचारत होती.

आणि शेळक्यांनी शिव्या सुरू केल्या. त्याच. त्याच क्रमाने. चहा हातावर सांडला तरी थांबले नाहीत. टपरीवाला बघायला लागला. मी त्यांच्या कोपराला हात लावला, तेव्हा त्यांनी फोन कानापासून दूर केला आणि कापला.

माझ्याकडे न बघता त्यांनी हातावरचा चहा पुसला. मग म्हणाले, "येतं तोंडातनं. आता आपोआपच येतं."

जाताना त्यांनी सांगितलं की काट्यावर कॉम्प्युटरवर पावत्या काढायला माणूस हवाय, ती मुलगी येत असेल तर ठेवतो, वाट्टेल तसं बोलणार नाही. मी निरोप द्यायला दर्शनाच्या घरी गेले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. शेळके आले होते, काय म्हणाले, सासूबाईंचं, सगळं सांगितलं. टपरीवर आलेल्या फोनचंही सांगितलं. ती हातातला टॉवेल पिळत राहिली.

"मी बोलले ते वाईटच बोलले, मॅम. त्यांना सांगा तसं," ती म्हणाली. "पण त्यांच्याकडे कामाला नाय जाणार. त्यांचा आवाज अजून कानात हाय माझ्या."

मी आग्रह केला नाही. पुढे तिला खारघरला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला काम मिळालं. तिथेही फोनवर बोलावं लागतं, पण तो फोन लोक स्वतःहून करतात.

शेळक्यांचा नंबर आमच्या सिस्टीममधून निघाला. तक्रार झाल्यावर निघाला, शिव्या दिल्यावर निघाला. नीट विनंती केल्यावर निघाला नव्हता, हे मी परत एकदा लेखी कळवलं. उत्तर आलं नाही. बाकीच्या कंपन्यांच्या यादीत तो असणारच. तिथे माझा काही हात पोचत नाही.

बऱ्याच महिन्यांनी एका अपडेटमध्ये स्क्रीनवर नवीन पर्याय आला. ‘कस्टमर कायमस्वरूपी अनुपलब्ध’. कशामुळे आला, कोणी सांगितलं नाही.

आता नवीन बॅच आली की रोहित सर मला एक तास देतात. मी मुलांना दोन गोष्टी सांगते. शिवी फोनवर बोलणाऱ्यालाच बसते, नंबर यादीत ठेवणाऱ्याला नाही, तेव्हा ती घरी नेऊ नका. आणि कोणी म्हणालं माणूस गेलाय, तर रिबटल नाही, भावना समजू शकते वगैरे नाही. सॉरी म्हणा, नवीन पर्याय दाबा. मार्क मी कापणार नाही.

परवाच्या बॅचमध्ये एका मुलाने हात वर केला. "पण मॅम, तो खोटं बोलत असेल तर?"

"बोलू दे," मी म्हणाले. "आपली एक पॉलिसी जाईल."