बेहालाची शेड आणि आमच्या म्हाताऱ्या

जुन्या गाडीचा पार्ट शोधायला बाहेर पडलं की पार्ट मिळेलच असं नाही, किस्सा मात्र हमखास मिळतो. पार्ट निदान ग्रीस लावून ठेवावा लागतो, नाहीतर गंजतो. किश्शाला तेवढंही लागत नाही. तो नुसता पडून राहिला तरी वाढतो!

सरकारी नोकरीत माझी कलकत्त्याला बदली झाली ती स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी. साहेबलोक सामान बांधून विलायतेला निघत होते, जमीनदारांच्या हवेल्यांतले तबेले रिकामे होत होते, आणि कुठून कुठून जुन्या मोटारी बाहेर येत होत्या. लोक त्यांना भंगार म्हणायचे. आम्ही त्यांना ‘म्हातारी’ म्हणायचो.

आम्ही म्हणजे चौघं. बापूसाहेब टिल्लू, कॉलेजात गणित शिकवायचे. जन्म कलकत्त्याचा, त्यामुळे रागावले की मराठीतून सुरू करून बंगालीत संपवायचे. करमरकर बँकेतले. घोषालबाबू वकील, आमच्यातले एकटे बंगाली. आणि चौथा मी, आपटे. शहराच्या दक्षिण टोकाला, बेहालाला, एक पत्र्याची शेड आम्ही भाड्यानं घेतली होती. दर रविवारी तिथं जमायचं आणि म्हाताऱ्यांना हिंडतं-फिरतं करायचं, एवढाच उद्योग.

मैत्री घट्ट होती. विश्वास अजिबात नव्हता! या छंदात पेट्रोलखालोखाल काही जळत असेल तर तो संशय.

शेडमध्ये प्रत्येकाचं एक कपाट आणि प्रत्येकाचं वेगळं कुलूप. शिवाय एक लोखंडी पेटी होती, तिलाही कुलूप. मी नवा होतो, म्हणून विचारलं, “बापूसाहेब, या पेटीत काय?”

“चारही कपाटांच्या जादा किल्ल्या.”

“आणि पेटीची किल्ली?”

“ती माझ्याजवळ. या शेडमध्ये एकाच माणसावर माझा विश्वास आहे, आणि तो मी आहे!”

*

टिल्लूंच्या गाडीला पुढचे दिवे नव्हते. पितळेचे, मोठे, कढईएवढे दिवे हवे होते आणि त्या घाटाचे दिवे आता बनत नव्हते. टिल्लू मल्लिकबाजारात सगळ्या दुकानांतून हिंडले, पण आम्हाला अवाक्षर बोलले नाहीत. का? तर कळलं की कुणीतरी आधी जाऊन उचलेल!

एका दुकानदारानं त्यांना हळूच सांगितलं, “बाबू, आणखी एक पार्टी हेच दिवे शोधतेय. ते पण असेच कानात बोलतात.”

टिल्लूंची झोप उडाली. ही पार्टी मुंबईची असणार, कुणा शेटजीची माणसं असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. शेवटी एक दिवा मिळाला, उजव्या बाजूचा. तो त्यांनी जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवला आणि डाव्याचा शोध चालू केला.

एका रविवारी घोषालबाबूंचं कपाट चुकून उघडं राहिलं. टिल्लूंनी सहज नजर टाकली. आत शालीत गुंडाळलेला दिवा. डावा!

मुंबईची पार्टी सहा फुटांवर वाकून स्पार्कप्लग पुसत होती.

मग जे भांडण झालं ते तीन भाषांत झालं. दोघांनाही जोडी हवी होती आणि आपला दिवा द्यायला दोघंही तयार नव्हते. शेवटी दोघांनी आपापला दिवा आपापल्या गाडीला लावला. त्यानंतर कित्येक महिने आमच्या शेडमध्ये दोन एकाक्ष म्हाताऱ्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

दर रविवारी टिल्लू आत शिरले की पहिला प्रश्न, “काय घोषालबाबू, तब्येत कशी आहे?”

आणि घोषालबाबू न बघताच म्हणायचे, “तुमच्यापेक्षा बरी!”

*

एक छोटासा किस्सा माझा. एस्प्लनेडजवळ एका गॅरेजवाल्याकडे मला स्टिअरिंग व्हील मिळालं. भलंमोठं, लाकडी रिमचं. कागदात मावेना, म्हणून तसंच गळ्यात अडकवून ट्राममध्ये चढलो आणि पुढच्या बाकावर बसलो.

कंडक्टर आला. माझ्याकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, आणि तिकीट न देताच ड्रायव्हरकडे गेला. तिथून परत आला तेव्हा जरा शांत दिसला.

मी म्हटलं, “दादा, ट्रामला स्टिअरिंग नसतं.”

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. “तरी बघून आलो!”

*

आता करमरकरांचं. त्यांच्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण हरवलेलं होतं. वर्षभर ते चिंधी कोंबून गाडी चालवत होते. त्याच सुमारास त्यांच्या घरातून एक वस्तू नाहीशी झाली. कमलवहिनींचा फिरकीचा तांब्या होता, प्रवासात पाणी न्यायचा, त्याचं झाकण.

तांब्या जागेवर, झाकण गायब! वहिनींनी सगळं घर पालथं घातलं आणि शेवटी त्यांचा संशय गेला लोक्खीवर. लोक्खी म्हणजे त्यांच्याकडची कामवाली. वहिनी तिला चोर म्हणाल्या नाहीत, पण ती आली की कपाटाला किल्ली लावू लागल्या. लोक्खीला ते कळायचं ते कळलं. तिनं भांडी घासणं तसंच चालू ठेवलं, फक्त बोलणं बंद केलं. करमरकर हे सगळं बघत होते आणि पेपर वाचत होते.

हिवाळ्यात एका सकाळी मैदानाजवळ काही हौशी लोकांनी जुन्या गाड्या मांडल्या. आम्हीही घरच्यांना घेऊन गेलो. करमरकरांची म्हातारी अशी चमकत होती की लोक तिच्याभोवतीच गोळा. एक वृद्ध बंगाली गृहस्थ चष्मा सावरत बॉनेटवर वाकले. रेडिएटरवर पितळेचं सुरेख झाकण होतं आणि त्यावर काही अक्षरं कोरलेली होती.

“हे काय लिहिलंय?” त्यांनी विचारलं.

करमरकर जराही न अडखळता म्हणाले, “ज्यानं गाडीची बॉडी बांधली त्या कारागिराचं नाव आहे. फार दुर्मिळ!”

मागून कमलवहिनी पुढे आल्या. वाकल्या. वाचलं. ‘सौ. कमल हिस आत्याकडून.’

“आजोबा,” त्या म्हणाल्या, “ती बॉडी माझ्या आत्यानं बांधलीय!”

आम्ही हसून लोळलो. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे ते झाकण फिरवून काढलं, पदरानं पुसलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, “घरी चला. लोक्खी अजून गेली नसेल.”

करमरकरांनी लोक्खीसमोर उभं राहून कबुली दिली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा तोंड उघडलं, “मला माहीत होतं. बाबूंच्या खिशात मीच बघितलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?” वहिनींनी विचारलं.

“तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही तर कुलूप लावलंत!”

त्या दिवसापासून वहिनींनी घरातली कुलपं काढली. करमरकरांनी पुन्हा चिंधी कोंबली.

*

आमच्या एका जुन्या इंग्रज साहेबानं मायदेशी गेल्यावर माझ्यासाठी मॅग्नेटो पाठवला. मॅग्नेटो म्हणजे जुन्या गाडीत ठिणगी तयार करणारं यंत्र. दिसायला जड, काळं, आणि त्यातून वायरी बाहेर आलेल्या. पार्सल खिदिरपूरच्या गोदीत उघडलं गेलं आणि मला बोलावणं आलं.

टेबलावर मॅग्नेटो. टेबलापासून चार हात लांब कस्टमचा तपासनीस.

“हे काय आहे?”

“मॅग्नेटो.”

“काय करतं?”

“ठिणगी पाडतं.”

तपासनीस आणखी मागे सरकला. “कसली ठिणगी? कुणासाठी?”

मी गाडीचं सगळं शास्त्र सांगितलं. त्याचा चेहरा ढिम्म. “तुम्ही सरकारी नोकर. या वयात जुनी गाडी कशाला? नवी नाही मिळत? खरं बोला.”

आता यावर खरं काय बोलणार? मी म्हटलं, “ही वायर धरा, मी दांडा फिरवतो, म्हणजे तुमची खात्री पटेल.” मला वाटलं तो नाही म्हणेल. पण संशयी माणसाला प्रत्यक्ष पुराव्याचा फार मोह! त्यानं वायर धरली. मी दांडा फिरवला.

तो खुर्चीसकट मागे गेला. मला वाटलं, मॅग्नेटो तर गेलाच, आता नोकरीही जाणार.

त्यानं हात चोळला. टोपी नीट केली. आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, “वस्तू ठीक आहे. पण मंजुरी मोठ्या साहेबांची लागते. ते खात्री करून घेतल्याशिवाय सही करत नाहीत.”

“मग?”

तो माझ्या कानाजवळ आला. “वायर धरा असं त्यांना तुम्ही सांगा. दांडा मी फिरवतो!”

*

शोभाबाजारच्या एका जुन्या घराण्यातली गाडी विकायची आहे असं टिल्लूंना कळलं. मालकीणबाई ऐंशीच्या आसपासच्या. सगळे त्यांना ठाकुमा म्हणत, म्हणजे आजी. नवरा गेल्यापासून गाडी तबेल्यात उभी होती. घ्यायला बरेच जण येऊन गेले होते. ठाकुमांनी सगळ्यांना परत पाठवलं होतं.

टिल्लूंना त्यांनी समोर बसवून घेतलं, संदेश खायला दिला आणि म्हणाल्या, “गाडी न्या. पण मागचं डावं दार उघडायचं नाही. आणि गाडी चालू होईल तेव्हा मला बोलवायचं.”

टिल्लूंनी शब्द दिला. गाडी बेहालाला आली तेव्हा आम्ही बघितलं, ते दार आतून पितळी स्क्रू मारून पक्कं केलेलं होतं.

झालं! करमरकरांचं मत पडलं की दाराच्या पोकळीत दागिने आहेत. घोषालबाबूंना यात कायद्याचा डाव दिसला, “दार उघडलंत की करार मोडला, गाडी परत!” मला घोषालबाबूंचाच संशय येत होता. टिल्लूंना आम्हा तिघांचा.

एके दिवशी मी गुपचूप एका स्क्रूवर पेन्सिलीची बारीक रेघ मारली. कुणी फिरवला तर कळावं म्हणून. मारताना दिसलं, शेजारच्या स्क्रूवर मेणाचा ठिपका आहे. तो करमरकरांचा. खालच्यावर लाल लाख, ती वकिलाचीच असणार. आणि चौथ्या स्क्रूवर खडूची खूण, गणिताच्या मास्तरांची!

तीन वर्षं गाडीचं काम चाललं. इंजिन उतरवलं, चढवलं, रंग दिला, गाद्या बदलल्या. त्या दाराला बाहेरून पॉलिश केलं, आतून कुणी हात लावला नाही.

गाडी चालू झाली त्या दिवशी ठाकुमा टॅक्सीनं बेहालाला आल्या. पांढरं लुगडं, हातात काठी, बरोबर कुणी नाही. त्यांनी सावकाश गाडीला फेरी मारली. उजवीकडच्या दारातून आत डोकावल्या आणि स्क्रूंकडे बघत म्हणाल्या, “हे रंगीबेरंगी काय?”

टिल्लू ओशाळले. “खुणा आहेत, ठाकुमा. आमचा एकमेकांवर विश्वास नाही.”

ठाकुमा मोठ्यानं हसल्या. “म्हणून राहिलं. भल्या माणसांनी केव्हाच उघडलं असतं!” मग म्हणाल्या, “इंजिन चालू करा.”

टिल्लूंनी हँडल मारलं. म्हातारीनं एक आचका दिला आणि ती गुरगुरायला लागली. ठाकुमा डोळे मिटून ऐकत राहिल्या.

“आता ते दार उघडा.”

आम्ही चौघं एकदमच पुढे झालो. टिल्लूंनी आत जाऊन स्क्रू काढले. लाख तुटली, मेण निघालं. बाहेरून मुठीला हात घातला तो घोषालबाबूंनी. दार करकरत उघडलं. आत गादी होती, बाकी काही नाही. करमरकरांनी दाराच्या कडेत बोटं घालून बघितलं. घोषालबाबूंनी तर अख्खं डोकं आत घातलं.

“बाजूला व्हा,” ठाकुमा म्हणाल्या.

आम्ही बाजूला झालो. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, दारापासून एक पाऊल मागे सरल्या आणि खाली मान घालून उभ्या राहिल्या. इंजिन चालूच होतं. एखाद्या वयस्क माणसाला गाडीतून उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला.

“करा आता बंद,” त्या म्हणाल्या. “उतरले ते. यापुढे हे दार रोज उघडलंत तरी चालेल.”

टिल्लूंनी इंजिन बंद केलं. घोषालबाबू, जे कोर्टात कुणाला वाक्य पुरं करू देत नसत, ते हात जोडून उभे होते.

ठाकुमा टॅक्सीकडे चालत गेल्या. गल्ली चांगली रुंद होती, पण त्या एका कडेनं चालत होत्या. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. ठाकुमा लगेच बसल्या नाहीत. पदर सावरून त्या बाजूला उभ्या राहिल्या, जरा थांबल्या, आणि मग आत बसल्या.