डाव्या हाताचे वेढे

जुन्या इलेक्ट्रिक गिटारीची किंमत करायची तर आधी ती वाजवायची नाही, असा पारख्याचा नियम होता. आवाज माणसाला भुलवतो, म्हणायचा. आधी स्क्रू बघायचे, मग रंग, मग आतल्या जोडण्या. वाजवणं सगळ्यात शेवटी. बाजारात त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. पारखी म्हणाला ‘मूळची आहे’ की ती मूळचीच. त्यावर कुणी ब्र काढत नसे. हा मान त्याला आवडायचा, आणि आवडत नाही असं दाखवायला त्याहून जास्त आवडायचं.

त्या दुपारी मात्र टेबलावर आलेली गिटार त्याने एकही स्क्रू न बघता ओळखली. ती त्याच्या मास्तरांची होती. ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला ते मास्तर जाऊन वर्ष झालं होतं. समोर स्टुलावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, पारखी त्यांना काकू म्हणायचा, आणि शेजारी पाय हलवत गिटार घ्यायला आलेला व्यापारी. काकूंचे गुडघे कामातून गेलेले, आणि घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गिटारीचा भाग न् भाग कारखान्यातला निघाला, तर व्यापारी देणार होता त्या रकमेत तळमजल्यावर दोन खोल्या येत होत्या. एक जरी भाग बदललेला निघाला, तरी किंमत निम्म्याच्याही खाली. खोल्यांचा मालक आज संध्याकाळपर्यंतच थांबणार होता.

“तू बघतोयस म्हटल्यावर मला काळजी नाही,” काकू म्हणाल्या.

काळजी पारख्याला होती. बत्तीस वर्षांपूर्वी मास्तर बाहेरगावी गेले असताना, नको तिथे नाक खुपसायच्या हौसेने त्याने याच गिटारीच्या दोन पिकअपपैकी एक उघडलं होतं. पिकअप म्हणजे तारांखालची ती ठोकळी. तिच्यात केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, आणि गिटारीचा सगळा आवाज तिथूनच निघतो. स्क्रूड्रायव्हर निसटला, आतली तार तुटली. पठ्ठ्याने दोन दिवस जेवणखाण विसरून नवी तार गुंडाळली, आणि तीही आपल्या सवयीने डाव्या हाताने, म्हणजे उलटी. दोन्ही पिकअप एकत्र लावली की आवाज पोकळ येऊ लागला. मग त्याने या पिकअपच्या तारेची दोन टोकं अदलाबदल करून जोडली, आवाज जुळवला, वर जुनीच कापडी पट्टी गुंडाळली आणि तोंड शिवून बसला.

मास्तरांनी परत आल्यावर गिटार वाजवली आणि म्हणाले, आज हिचा गळा मोकळा झालाय. पुढे जन्मभर ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, की असा आवाज दुसऱ्या कुठल्या गिटारीला नाही. पारखी शेजारी बसून मान डोलवायचा. पहिल्या वर्षी भीतीने बोलला नाही, नंतर लाजेने, आणि नंतर तर बोलायला तोंडच राहिलं नाही.

आता त्याने एकेक स्क्रू काढला. रंग मूळचा, बटणं मूळची. आतली तार मोजायला पिकअपला मीटर लावला तर आकडाही साळसूद, कारखान्याच्या आकड्याला चिकटून. व्यापाऱ्याने टॉर्च मारून आत डोकावून बघितलं. त्याला काय कळणार, कपाळ? त्या पट्टीखाली काय आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. खरं बोलण्याचं पुण्य त्याला आणि जिने चढायचे काकूंनी, असला हा मामला होता. एक शब्द गिळला की काकू खाली राहायला येणार होत्या. आजवर तो शब्द त्याने बत्तीस वर्षं गिळलाच होता.

“बोला,” व्यापारी म्हणाला. “मी गिटार बघून नाही, तुमच्या शब्दावर घेतोय.”

पारख्याने पट्टी सोडवली.

“हे पिकअप मूळचं नाही. यातली तार मी भरलीय.”

व्यापाऱ्याचा पाय हलायचा थांबला. तो चिडला नाही, आणि तेच जास्त लागलं. त्याने शांतपणे विचारलं, “तुमच्या शब्दावर मी आजवर एकोणीस गिटारी विकल्या. त्यातल्या किती तुम्ही भरल्यात?”

एकही नाही, पारखी म्हणाला. ते अगदी खरं होतं, आणि समोरच्याला ते पटलेलं नव्हतं. सगळ्या परत आणा, पुन्हा उघडून दाखवतो, असंही तो म्हणाला. कळवतो, म्हणत व्यापारी निघून गेला.

दुकानात दोघंच उरली. काकूंनी सुटलेल्या पट्टीकडे बोट केलं.

“ह्यांना माहीत होतं?”

“नाही. कधीच सांगितलं नाही.”

“मला आज सांगितलंस,” काकू म्हणाल्या.

त्याने सगळे स्क्रू परत बसवले. गिटार पेटीत ठेवली. काकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या. घरापर्यंत सोडायला पेटी घेऊन येतो, असं पुटपुटत तो पुढे झाला, तर पेटी काकूंनी स्वतःच उचलली होती.