आठ वार लोकरी कापड

लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि आजवर जे लिहिलं ते परीक्षेत विचारलं तेवढंच. एखाद्याबद्दल लिहायचं तर तो माणूस आपल्याला ठाऊक हवा. मावशी मला ठाऊक आहेत, असं गेल्या आठवड्यापर्यंत मी समजत होतो.

कुठलंही कापड समोर आलं की मावशी आधी त्याचा कोपरा मुठीत चुरगळायच्या. मनातल्या मनात दहापर्यंत मोजायच्या, मूठ उघडायच्या आणि ते कसं उलगडतं ते बघत बसायच्या. "मूठ उघडेपर्यंत मत देऊ नये," हे ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी माझ्या शर्टाची बाही अशीच धरली. ती चुरगळलेलीच राहिली.

"तुझ्यासारखाच आहे," त्या म्हणाल्या. "लगेच चेहरा पाडतो."

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. टेक्सासातल्या अर्विंगला किल्ट शिवणारं एक छोटं दुकान होतं. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुष कमरेला गुंडाळतात तो गुडघ्यापर्यंतचा, मागे भरपूर चुण्यांचा, चौकड्यांचा पोशाख. तुम्ही चित्रात पाहिला असेल. मालक साठीचे, त्यांचे आजोबा स्कॉटलंडचे. कॉलेज सुटलं की मी तिथे इस्त्री करायचो, पार्सलं बांधायचो.

किल्ट शिवायच्या त्या मावशी; माझ्या नात्याच्या नव्हेत, नागपूरच्या. त्यांचे यजमान तिथल्या गिरणीत विणकाम खात्यात मास्तर होते. ते गेल्यावर त्या पुतण्याकडे टेक्सासला आल्या. किल्टला आठ वार कापड लागतं हे मालकांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे, "आमच्याकडे बायका नऊ वार नेसतात, आणि एकही टाका न घालता." मालकांनी त्याच दिवशी त्यांना ठेवून घेतलं. ते त्यांना 'माव्शी' म्हणत. हे त्यांचं नाव नाही, हे सांगायचं आम्हा दोघांकडूनही राहून गेलं.

एकदा हार्डवेअरच्या दुकानातला एक माणूस आला. त्याच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार होता. त्यावरून पँट चढवता चढवता रोज सकाळी त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. घरची चौकडी, म्हणजे घराण्याचा ठरलेला चौकड्यांचा नमुना, त्याच्या पणजोबांपासूनची होती. त्याला रोज दुकानात घालायला किल्ट हवा होता, आणि टेक्सासचा उन्हाळा म्हणून सगळ्यात हलक्या कापडाचा.

"नो लाइट," मावशी म्हणाल्या. पुढचं मराठीत मला, आणि मी इंग्रजीत त्याला. "हलकं कापड घामाला चिकटतं, वाऱ्याला उडतं, आणि बसून उठलं की चुण्या जातात. जड कापड पायापासून लांब राहतं, आत हवा खेळते. रोज घालायचं तर वाराला सोळा औंसाचं घे. सूत पक्क्या पिळाचं, वीण तिरकी आणि घट्ट."

"आणि खाली दुमड?" त्यानं विचारलं.

"दुमड कशाला? काठच तळाला येऊ दे. तुझ्या त्या लोखंडात दुमडीचा टाका अडकेल आणि तुटेल. काठाला टाकाच नाही." कमरेला आतून जाड कॅनव्हास लावायचं, म्हणजे चुण्यांचं ओझं कॅनव्हास उचलेल, हेही त्यांनी बजावलं. त्याला पटलं.

कापड स्कॉटलंडमध्ये मुद्दाम विणून घ्यावं लागलं. पाच महिन्यांनी आलं. कात्री लावण्यापूर्वी मावशी नेहमी कापडावर ओलं फडकं टाकून वीत वीत इस्त्री फिरवत, म्हणजे जेवढं आटायचं तेवढं ते आधीच आटे. दोन दिवस जात. त्या आठवड्यात त्यांचा गुडघा सुजला होता आणि त्या घरी होत्या. मला वाटलं, त्यांचे श्रम वाचवावेत.

आमच्या घरी कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय आई शिवायला देत नसे. आधीच आटू दे, मग पुन्हा आटणार नाही. मी आठही वार कापड धुण्याच्या दुकानात नेलं. गरम पाण्याच्या मशीनमध्ये घातलं, मग ड्रायरमध्ये.

बाहेर आली ती घोंगडी. चौकडीच्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या. मोजलं तर साडेसहा वारही भरेना. लोकरीला असं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. आई करते तसं धुतलं, हे मी त्यांना सांगितलं. मालक अजून यायचे होते. मावशींनी कोपरा मुठीत धरला, सोडला. कापडावर सुरकुती नाही.

"आता हे शंभर वर्षं टिकेल," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. मला वाटलं, हसतायत. नव्हत्या हसत.

"मालकांना काय सांगायचं?"

"मी बघते. तुझे पेपर कधी?"

"सोमवारपासून."

"मग इथे काय करतोस? इथलं काम गेलं तर कॉलेज जाईल तुझं. घरी जा. तोंड उघडू नकोस."

"पण मावशी, मी..."

"आणि आईला कळवू नकोस. तिला वाटेल, तिचंच चुकलं."

मी गेलो. त्या मालकांना काय सांगणार, हे विचारलं नाही. अभ्यासात राहून गेलं असं नाही. विचारायची भीती वाटली.

परीक्षा संपवून आलो तर किल्ट तयार होता. कापड कमी, म्हणून मावशींनी कमी कापडात बसणाऱ्या पेटीसारख्या रुंद चुण्या घातल्या होत्या. तो माणूस आरशासमोर तीनदा वळला आणि तसाच नेसून कामावर गेला. मावशींचं स्टूल मात्र रिकामं होतं. मालक एवढंच म्हणाले, "ती आता येत नाही."

मी फोन केला. "डोळे दमले रे," मावशी म्हणाल्या. "पेपर कसे गेले?" मी विश्वास ठेवला. ते सोयीचं होतं.

मग त्या नागपूरला परत गेल्या. मी दुकानात राहिलो, पदवी झाली, दुसरीकडे नोकरी लागली, त्यालाही पाच-सहा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. मावशी गेल्या. मालकांना कळवायला हवं, म्हणून मी दुकानात फोन लावला.

"वाईट झालं," ते म्हणाले. "तसा हात मला पुन्हा मिळाला नाही. आणि तिला मीच काढलं. ते कापड मशीनमध्ये धुतलं म्हणाली. का, म्हणून विचारलं, तर उरलेलं कापड मोजायला लागली. किल्ट पुरा करून देते म्हणाली, तेवढा करू दिला."

मी त्यांना खरं सांगितलं.

"तू तेव्हा सांगितलं असतंस तर फार तर ओरडलो असतो," मालक म्हणाले. "लोकरीचं तुला कुठे काय ठाऊक होतं? तिला ठाऊक होतं, म्हणून तिला काढलं."